नानांचं नाक आणि माझा भोंगा

एका आजारी माणसाची मी भर आठवडे बाजारात भोंग्यावरून टिंगल केली. तो आजारी आहे हे मला माहीत नव्हतं. पण त्याच्या बायकोनं आदल्याच आठवड्यात येऊन मला ते जवळजवळ सांगितलं होतं, आणि टिंगलीचा मालमसाला मी तिच्याच बोलण्यातून उचलला होता.

एवढं सांगितल्यावर खरं तर लेख संपायला हवा. पण संपादकांनी मागितल्या आहेत ‘प्रचाराच्या रिक्षातल्या गमती’, आणि दिवाळीच्या अंकात पहिल्याच पानावर माणसानं तोंड पाडून बसू नये. तेव्हा आधी थोड्या गमती.

कोपरगाव तालुक्यात, गोदाकाठच्या गावांतून मी उभी हयात रिक्षाला भोंगा बांधून फिरलो. आवाज मला आमच्या देवळानं दिला. देऊळ म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांचं. बाहेरचे त्याला चर्च म्हणतात. लहानपणी पाळकसाहेब मला शास्त्रपाठ वाचायला उभं करत, आणि मागच्या बाकावरच्या बहिऱ्या म्हातारीला ऐकू गेलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावत. हा आवाज देवाच्या कामी यावा अशी आईची फार इच्छा होती. तो सर्कस, साड्यांचा सेल, डोळ्यांचं शिबिर, हरवलेली म्हैस आणि निवडणुका यांच्या कामी आला.

लोकांना वाटतं, यात काय, माइक धरायचा आणि ओरडायचं. तसं नाही. सभेत ऐकणारा बसलेला असतो. इथे ऐकणारा दारात उभा आणि बोलणारा पळत असतो. तुमचं वाक्य जिथे सुरू होतं तिथे ते संपत नाही, पुढच्या आळीत संपतं. म्हणून वाक्य लहान हवं, आणि नाव आधीही घ्यायचं, शेवटीही घ्यायचं. मयत झालेल्या घरापुढे भोंगा बंद. शाळेपुढे बंद. गोठ्याजवळ हळू, कारण दुभती म्हैस बुजली तर एका घराची सगळी मतं गेली. आणि कुणाचं नाव घेऊन टोमणा मारायचा नाही. हा शेवटचा नियम मीच केलेला होता.

चमत्कारिक गिऱ्हाइकंही येत. एका गावच्या पाटलानं मला बोलावून जाहीर करायला लावलं होतं की तो जिवंत आहे. तो मेल्याची आवई कुणीतरी उठवली होती आणि पाव्हणे रडत यायला लागले होते. मी गावभर सांगितलं, तरी लोकांना पटेना. शेवटी पाटील स्वतः रिक्षात माझ्या शेजारी बसून हात हलवत फिरले. तेव्हा एक म्हातारी म्हणाली, मेल्यावर बी मिरवायची हौस गेली न्हाई.

निवडणुकीत मी कुणाचा, हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. ज्याचा फलक रिक्षावर, त्याचा मी. कधी सकाळी एकाचा, दुपारी दुसऱ्याचा. एकदा जेवणानंतर फलक बदलला आणि तोंड बदलायचं राहिलं. रिक्षावर छत्रीचं चिन्ह आणि मी घसा फोडून सांगतोय, कपाटावर शिक्का मारा. तीन गावं तसाच फिरलो. गंमत म्हणजे कुणालाच काही वावगं वाटलं नाही. लोकांनी धरलं की दोघांची युती झाली. आता तर मोबाईलवर आवाज भरून आणतात, टेम्पोत एक पेटी बसवतात आणि ती पेटी दिवसभर न चुकता ओरडते. चुका करायला माणूस लागत नाही म्हणून मी घरी बसलो.

आता नानांकडे येतो.

सोपाननाना आणि मी मिशनच्या शाळेत एका बाकावर होतो. पुढे ते बागायतदार झाले आणि मी भोंगेवाला, तरी ते मला ‘दावीद’ आणि मी त्यांना ‘नाना’, हे कायम राहिलं. नाना म्हणजे नियम. मळ्यात जायची वाट एकच. शेजाऱ्यानं पेरून पाहिल्याशिवाय नवं बियाणं रानात पडायचं नाही. पाहुण्याच्या घरी पाणी प्यायचं झालं तर आधी तांब्याचा वास घेत. नाक तर असं, की दूध नासायच्या आधीच त्यांना कळे. माझा बाप गेला तेव्हा नाना कबरीच्या खड्ड्याशी शेवटपर्यंत उभे होते. मग घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ केली, आणि तेही मला सांगून. त्यांच्या घरी माझा चहाचा कप वेगळा होता. कान तुटलेला, निळ्या फुलाचा. ताराबाई वहिनी तो पुढे करताना माझ्याकडे पाहत नसत. मी चहा पिऊन तो स्वतः विसळून ठेवी. यावर आम्ही कधी बोललो नाही.

आमच्या भागातल्या साखर कारखान्याच्या निवडणुकीत दोन पॅनेलं असत. छत्रीवाले सत्तेतले, त्यांना रोज नवं काहीतरी सुरू करायची हौस. कपाटवाले विरोधातले, त्यांचं म्हणणं, जुनं चाललंय ते नीट चालवा. नाना बापापासून कपाटाचे. छत्रीवाल्याच्या लग्नात ते अक्षता टाकत, पण जेवत नसत. त्या वर्षी भांडण होतं मळीच्या पाण्याचं. कारखान्याचं काळं पाणी ओढ्यात यायचं आणि वारा फिरला की सबंध गावाला पदर नाकाला लावून फिरावं लागे. त्याविरुद्ध रस्त्यावर आडवे पडणाऱ्यांत नाना पहिले.

आणि ऐन प्रचारात नाना छत्रीच्या स्टेजवर दिसले.

एकदम नाही दिसले. आधी छत्रीवाल्यांच्या हॉटेलात भजी खाताना दिसले. मग त्यांच्या जीपमध्ये. मी हॉटेलात चहा पीत होतो तेव्हा येऊन माझ्या पाठीवर थाप मारली, माझा अर्धा प्यायलेला कप उचलला आणि राहिलेला चहा पिऊन टाकला. उष्टा. माझा. मिशा पुसून हसले आणि गेले. त्या क्षणी मी कप टाकून डॉक्टरकडे धावायला हवं होतं. मी काय केलं? मी खूश झालो. मनात म्हटलं, राजकारणानं आमच्या नानांना सुधारलं. एवढ्या वर्षांनी का होईना.

मग सभा झाली. छत्रीच्या पुढाऱ्यानं नानांच्या गळ्यात हार घातला आणि माइक पुढे केला. नाना म्हणाले, “मळीचा वास, मळीचा वास म्हनत्यात. मला तर कसला बी वास येत न्हाई.” टाळ्यांनी मंडप डोक्यावर घेतला. कपाटवाले संतापले. मी भाड्यानं लावलेला माइकचा संच सांभाळत स्टेजमागेच होतो. मलाही वाटलं, माणूस किती सफाईनं खोटं बोलतो.

ते अक्षरशः खरं बोलत होते. त्या मंडपात खरं बोललेला तेवढा एकच माणूस असावा.

आमच्या जिल्ह्यात हे असं आहे. नाना जर गाईला बैल म्हणाले असते, घरची वाट चुकले असते, तर चार माणसांनी धरून त्यांना दवाखान्यात नेलं असतं. त्यांनी पॅनेल बदललं. पॅनेल बदलणं हे आमच्याकडे आजाराचं लक्षण समजत नाहीत, हुशारीचं समजतात. काय ठरलं असेल, एवढंच विचारतात. त्यामुळे नाना दशक्रियेला घाटावर, कावळा पिंडाला शिवत नव्हता तेव्हा, मोठ्यानं हसले, तेही लोकांनी मुरलेल्या माणसाचं नाटक म्हणून धरलं.

वहिनी एकट्याच वेगळं बोलल्या. माझ्याकडे आल्या, रिक्षाच्या आडोशाला उभ्या राहिल्या. एरवी घर सोडून कधी बोलायला न येणारी बाई. म्हणाल्या, दूध उतू जाऊन तळाला लागलं, काळं झालं, घरभर धूर झाला, आणि हे चुलीशेजारी बसून होते. म्हणाल्या, रागावत नाहीत. ज्या माणसानं जन्मभर मिठाच्या कणावरून ताट सारलं, तो आता काही वाढा, हसून खातो. मला लई भ्या वाटतं. पोरगा पुण्याकडे कंपनीत, तो म्हणतो निवडणुकीपुरतं असेल. तुमचं ऐकतील. नगरला डॉक्टरकडं घेऊन चला.

“भाऊजी, त्यांचं डोकं ठिकानावर न्हाई,” असं त्या शेवटी म्हणाल्या.

आणि मी म्हणालो, “वहिनी, राजकारणात कुणाचं असतं?”

त्या हसतील असं मला वाटलं होतं. त्या पदर सावरून निघून गेल्या. मी मात्र त्या वाक्यावर इतका खूश झालो की दिवसभर भेटेल त्याला सांगत फिरलो. माझ्यासारख्या माणसाचं दुखणं हेच. चांगलं वाक्य सुचलं की समोरच्याला काय झालंय ते दिसेनासं होतं.

कपाटवाल्यांनी मला बोलावलं. नानांवर काहीतरी झणझणीत पाहिजे म्हणाले. मी एरवी नकार दिला असता, असं लिहायला बरं वाटतं. पण दिला नाही, कारण मसाला माझ्याकडे तयार होता. त्या जळक्या दुधाचा. बाजाराच्या दिवशी मी सुरू केलं:

छत्रीखाली बसले नाना, नाक त्यांचं गेलं कुठं?
हार गळ्यात पडल्यापासून वास त्यांना येतो कुठं?

बाजार लोटपोट झाला. मिरच्यावाल्या बाया ताल धरून म्हणायला लागल्या. मेंदूचा एखादा डॉक्टर त्या वेळी भाजी घ्यायला आला असता तर पिशवी टाकून पळत आला असता. रोगाचं लक्षण मी ताला-सुरात सांगत होतो.

तेवढ्यात नाना गर्दीतून आले. मला वाटलं, आता काठी पडते. एकदा शाळेत मी त्यांच्या टोपीला हसलो होतो, तर हा माणूस वर्षभर माझ्याशी बोलला नव्हता. नाना रिक्षाला टेकले, सगळ्यांबरोबर हसले, आणि म्हणाले, “दावीद, लई भारी. परत म्हन की.”

मी परत म्हटलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. थांबावं असं तेव्हा एकदा मनात आलं होतं, हे मला आठवतं. पण गर्दी समोर असली की भोंगेवाल्याचा हात बटणाकडे जात नाही.

त्या गाण्यानं एक काम केलं. नानांच्या घराची दवाखान्याची वाट बंद केली. शेवटी वहिनींनी मुलाला, सुनीलला, बोलावून घेतलं. तो म्हणाला, आता नेलं तर छत्रीवाले म्हणणार, कपाटानं आमच्या माणसाला वेडा ठरवला. कपाटवाले म्हणणार, बघा, वेड लागलं म्हणून तिकडे गेला. गाणं तर पोराटोरांच्या तोंडी आहे. मतदान होऊ दे, मग बघू. मतदान झालं, मोजणी झाली, छत्री आली, गुलाल उधळला. त्यानंतर नाना अंगणात चालता चालता खांबावर आदळले. खांब तिथे त्यांच्या जन्माआधीपासून होता. डाव्या डोळ्यानं दिसतच नाही, हे तेव्हा कळलं.

सुनीलनं मला फोन केला. शिबिरांची जाहिरात करून करून नगरचे सगळे दवाखाने मला ठाऊक, म्हणून. वहिनींनी करायला लावला नव्हता. जीपमध्ये त्या मागे नानांना धरून बसल्या आणि मी पुढे केलेली पाण्याची बाटलीसुद्धा सुनीलच्या हातानं घेतली.

डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. कपाळाच्या मागे, नाकाच्या वर, मोसंबीएवढी पांढरी गाठ. साधी गाठ आहे, कॅन्सर नाही, म्हणाले, पण वर्षानुवर्षं हळूहळू वाढत आली आहे. वासाच्या नसा तिनं केव्हाच चेपल्या. माणसाला आवरून धरणारा मेंदूचा भाग दाबला, म्हणजे किळस, भीती, लाज, काय बोलावं नि काय नाही, ते सगळं. मग डोळ्याच्या नसेवर आली. त्यांनी विचारलं, वागण्यात काय काय फरक पडला? वहिनींनी दूध सांगितलं, घाट सांगितला, आणि मान खाली घालून सांगितलं की पॅनेल बदललं.

डॉक्टर म्हणाले, “ते मी लक्षणांत लिहीत नाही. नाहीतर अर्धा जिल्हा भरती करावा लागेल.”

सुनील हसला. मी हसलो नाही, हे नोंदवून ठेवतो. माझ्या खात्यावर तेवढंच.

मी मात्र राहवेना म्हणून विचारलं, साहेब, माणसाचं मत या फिल्मीत दिसतं का? आमच्या धंद्याच्या कामाचं होतं. डॉक्टरांनी न रागावता समजावलं. असं म्हणणारे अभ्यासक आहेत, म्हणाले, की ज्यांना भीती आणि किळस लवकर वाटते ते सरासरीनं जुन्याला धरून राहतात, ज्यांना नव्याची ओढ ते दुसरीकडे झुकतात, आणि त्यांच्या मेंदूंत थोडाथोडा फरक सापडतो. पण ते हजारो माणसांच्या घोळक्याबद्दल, एका माणसाबद्दल नाही. आणि मेंदूमुळे मत झालं की जन्मभर एका मतानं राहून मेंदू तसा झाला, हेही कुणी छातीठोक सांगत नाही. “फिल्म बघून मला कुणाचं चिन्ह सांगता येत नाही,” ते म्हणाले, “गाठ सांगता येते. तीसुद्धा तुम्ही माणसाला आणलं तर.” मग डोळ्याबद्दल बोलताना ते “थोडं आधी…” एवढंच म्हणाले आणि वहिनींकडे पाहून थांबले.

ऑपरेशन पुण्यात झालं. गाठ निघाली. डावा डोळा गेला तो गेलाच, वासही परत आला नाही. नाना मात्र परत आले. पहिल्या आठवड्यातच भाजीत मीठ जास्त म्हणून ताट सारलं, आणि वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. आनंदानंच असणार. पण सुनीलच्या बायकोनं मला नंतर सांगितलं, सासूबाई म्हणत होत्या, त्या चार महिन्यांत हे माझ्या ताटातला घास उचलून खायचे.

दोन्ही पॅनेलवाले भेटायला आले. छत्रीवाले म्हणाले, नाना मोकळे होते तेव्हा आमचे होते. कपाटवाले म्हणाले, बरे झाले म्हणून आमचे आहेत. नानांनी दोघांनाही बाहेरचा रस्ता दाखवला. मला एकदा म्हणाले, स्टेजवर बोललो ते सगळं आठवतं. तोंड माझंच हुतं, दावीद. बोलायला लई गोड वाटत हुतं, एवढंच कळतं. माझ्या गाण्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. तेही आठवत असणारच.

मी या सगळ्याचा फार विचार करतो. एरवी मला विचार करायची सवय नाही, माझं मत फलकाबरोबर उतरवून ठेवायची सवय. कोणते नाना खरे, हे मला ठरवता येत नाही. मळीविरुद्ध रस्त्यावर पडणारे खरे, असं म्हणावं, तर माझा उष्टा चहा पिणारे खोटे ठरतात. हल्ली त्यांच्याकडे चहा येतो तो पुन्हा निळ्या फुलाच्या कपात. मी तो पितो, विसळून ठेवतो. गाठ काढली तेव्हा तिच्याबरोबर माझंही काहीतरी गेलं, पण हे बोलून दाखवायचा अधिकार मला नाही. मी त्या माणसाचा एक डोळा घालवला आहे.

हे शेवटचं वाक्य मी मनाशी पुष्कळ घोकलं आणि यंदा गणपतीनंतर वहिनींकडे गेलो. नाना मळ्यात गेले होते. मी म्हणालो, वहिनी, मी ठरवलंय. येत्या बाजारी रिक्षा काढतो, भोंगा बांधतो, आणि ज्या जागी गाणं म्हटलं त्याच जागी उभा राहून सगळ्या गावापुढे सांगतो की माझं चुकलं. वाक्यंही तयार होती. लहान, नाव आधी आणि शेवटी. एकदोन मी त्यांना म्हणूनही दाखवली.

वहिनी शेंगा निवडत होत्या. हात थांबला नाही. मी संपवल्यावर सुपातला कचरा फुंकून टाकला आणि म्हणाल्या, त्या दिवशी मी एकटी आल्ते, तवा तुमाला ऐकू आलं न्हाई. आता बाजाराला कशाला ऐकवता?

मी म्हणालो, मग मी काय करू, ते तरी सांगा.

“नगरला जावा,” त्या म्हणाल्या. “तुमी बी एकदा डोकं तपासून घ्या, भाऊजी. गाठ निघाली तर माफ करीन.”